घरी परतताना झालेला अपघात कामाचा धरला जातो का?



आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत कामाची जागा घराजवळ असणारा मजूर विरळाच. तलासरीच्या पाड्यांवरची माणसे सीमा ओलांडून उंबरगाव, सरीगाम, भिलाड, वापीच्या कारखान्यांत जातात. डहाणूची माणसे लोकलने बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जातात. बायका पहाटे टेम्पोत बसून घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांवर, नाहीतर बांधकामावर जातात. मी जिथून लिहिते आहे त्या धाकटी डहाणूत बोटीवरून मासळी उतरवायला आलेले लोक काम संपले की काळोखात मिळेल त्या वाहनाने आत डोंगराकडे परततात. आठ तासांच्या कामासाठी तीन-चार तासांची वाट रोजचीच.

म्हणूनच आपल्या भागातला मजूर जितका यंत्रावर जखमी होतो, तितकाच वाटेवरही होतो. महामार्ग ओलांडताना, खच्चून भरलेल्या टेम्पोतून पडून, रात्रपाळी करून मोटरसायकलवरून येताना डोळा लागून. आमच्या केंद्रातल्या मदत कक्षात मी अर्ज लिहून देण्याचे काम करते. अशा घरची माणसे येतात तेव्हा मुकादमाचे उत्तर त्यांनी आधीच ऐकलेले असते : "कामावर काही झालं नाही. सुट्टी झाल्यावर माणूस कुठं गेला, काय केलं, त्याला आम्ही काय करणार?" बहुतेक घरे या उत्तरावर गप्प बसतात, कारण ते पटण्यासारखे वाटते. गेट सुटले, काम संपले.

कायदा आता असे म्हणत नाही. काही अटी पुऱ्या होत असतील तर कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामाचाच अपघात धरला जातो. या अटी कोणत्या, आणि अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कुटुंबाने काय जपून ठेवायचे, हे या लेखात सांगते. आपल्या वाचकांत शिक्षक आहेत, आशाताई आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. पाड्यावर अशी वेळ आली की सगळ्यात आधी आपल्यालाच विचारले जाते.

आधीचा नियम : एक खाडी आणि एक बस

कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा आपल्याकडे १९२३ सालचा. त्यात एक वाक्य होते. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला पाहिजे. आता काम नेमके कधी सुरू होते आणि कधी संपते? या एका प्रश्नावर शंभर वर्षे वाद झाले.

खाडीकाठच्या आपल्या लोकांना सहज कळेल असे एक जुने प्रकरण आहे. गुजरातेत पोरबंदरजवळच्या मिठागरावरचे मजूर काम आटोपून खाडी ओलांडून घरी येत. जून १९५२ मध्ये त्यांची होडी उलटली आणि काही मजूर बुडून मेले. त्यांच्या घरच्यांनी भरपाई मागितली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. न्यायालयाने एक तत्त्व मात्र मान्य केले. कामाची जागा गेटापाशीच संपते असे नाही, ती गेटाच्या अलीकडे-पलीकडे थोडी वाढवून धरता येते. पण होडी सगळ्या गावाची होती, मालकाची नव्हती. तिथपर्यंत काम वाढवून धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पाचच वर्षांनी मुंबईच्या एका प्रकरणात वेगळा निकाल लागला. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी डेपोत आपली बस लावून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो मरण पावला. बेस्टच्या चालकांना बेस्टच्या बसमधून जाण्या-येण्याची सवलत होती आणि त्या सवलतीवरच सेवा वेळेवर चालत होती. म्हणून १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अपघात कामाचा ठरवला आणि त्याच्या पत्नीला भरपाई मिळाली.

त्यानंतर बरीच वर्षे असे चालले की मालकाने गाडी दिली असेल तर आशा, स्वतःच्या सायकलने किंवा पायी येणाऱ्याला मात्र नाही. १९९६ मध्ये सायकलने कारखान्याकडे निघालेल्या एका कामगाराला न्यायालयाने नकार दिला. ट्रकची धडक बसली तेव्हा कारखाना जेमतेम एक किलोमीटरवर होता आणि पाळी सुरू व्हायला पाव तास उरला होता.

काय बदलले

पहिला बदल १ जून २०१० पासून झाला. राज्य कामगार विमा, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्याच्या कायद्यात कलम ५१-ई आले. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात कामाचाच धरावा, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, असे ते कलम सांगते. पण हे ईएसआयवाल्यांपुरते होते. ज्यांचे ईएसआय नाही त्यांचे काय?

त्याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका कुटुंबाच्या खटल्यातून मिळाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर एक जण वॉचमन होता. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, मुले आणि आई. २००९ मध्ये उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. माणूस कामावर पोचलाच नव्हता, या कारणाने २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. दोन्ही कायदे एकाच हेतूचे आहेत, म्हणून ईएसआयच्या कलम ५१-ई मध्ये जे स्पष्ट केले आहे तेच १९२३ च्या कायद्यातही वाचले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. शिवाय ते कलम नवा हक्क देत नाही, जुनाच अर्थ उलगडून सांगते, म्हणून आधी झालेल्या अपघातांनाही ते लागू पडते. पहाटे ३ च्या पाळीचा माणूस त्या वेळी, त्या रस्त्याने दुसरीकडे कशाला जाईल? आयुक्तांचा हुकूम कायम झाला. अपघातापासून या दिवसापर्यंत बावीस वर्षे लोटली होती.

दुसरे पाऊल त्याच वर्षी पडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. १९२३ चा कायदा आणि ईएसआयचा कायदा दोन्ही तिच्यात सामावले आहेत. घर आणि काम यांच्यामधल्या प्रवासाचे वाक्य आता ईएसआय नसलेल्या कामगारांसाठीही कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणजे त्या तारखेनंतरच्या अपघाताला संहितेचा आधार आणि आधीच्या अपघाताला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार. मुकादमाचे "सुट्टी झाल्यावर आमचा संबंध नाही" हे उत्तर दोन्हीकडे आपोआप टिकत नाही.

वेळ, जागा आणि परिस्थिती

मात्र घरी येताना झालेला प्रत्येक अपघात मंजूर होतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. प्रवास कामाशी जोडलेला होता हे दाखवावे लागते. ते तीन गोष्टींवरून पाहतात.

वेळ : पाळी संध्याकाळी ६ ला सुटली आणि अपघात ६.४० ला झाला, तर जोड सरळ आहे. अपघात रात्री ११ ला झाला असेल तर मधले पाच तास कुठे गेले, हे विचारले जाईल. जादा पाळी केली असेल, गाडी चुकली असेल, मुकादमाने माल उतरवायला थांबवून घेतले असेल, तर ते सांगणारा साक्षीदार लागेल.

जागा : अपघात घर आणि काम यांच्यामधल्या नेहमीच्या वाटेवर झाला का? सरीगामहून तलासरीला येणारा माणूस भिलाडजवळ सापडला तर प्रश्न नाही. तो दमणच्या रस्त्यावर सापडला तर प्रश्न येणारच.

परिस्थिती : तो घरीच निघाला होता का? वाटेत आठवडी बाजारात मीठ-मिरची घ्यायला थोडा थांबला, एवढ्याने सगळा हक्क जातो असे मला वाटत नाही. पण बाजारातून पाहुण्यांकडे, तिथून लग्नाला, आणि मग घरी अशी वाट असेल तर जोड तुटते. मधे कुठे रेघ मारायची ते प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून ठरते. म्हणून जे घडले तेच सांगायचे. थांबला असेल तर किती वेळ आणि कशासाठी, ते पहिल्या दिवसापासून खरे लिहून द्यायचे. नंतर पंचनाम्यात वेगळे निघाले तर खरा भागही खोटा वाटू लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास पुढे केली जाते : "तो प्यायला होता." दारूच्या नशेमुळेच अपघात झाला हे सिद्ध झाले तर साध्या दुखापतीत मालक भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर कायद्याने मालकाला हे कारण पुढे करता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी विधवा लाजेने मागे फिरतात.

मालक कोण?

आपल्या मजुराला बहुतेक वेळा मालकाचे नावच माहीत नसते. त्याला मुकादम माहीत असतो, नाहीतर ठेकेदाराचा मोबाइल नंबर. घाबरू नये. ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले जात होते, त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करायची, तो त्या दोघांचा हिशेब. रोजंदारीवरचा, हंगामी, कच्च्या हजेरीचा मजूर यात बसत नाही, हा समजही जुना आहे. २००० सालच्या दुरुस्तीने रोजंदारीच्या मजुराला वगळणारे शब्द काढून टाकले. कोणत्या प्रकारची कामे यात येतात त्याची यादी कायद्याला जोडलेली आहे. कारखाने, बांधकाम, वाहन चालवणे, वीजकाम, झाडे तोडणे, ताडी काढण्यासाठी झाडावर चढणे, ट्रॅक्टरसारख्या यंत्राने होणारी शेती हे त्यात आहे. आपले काम त्यात बसते का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचे ईएसआय असायला हवे. ते असेल तर मागणी मालकाकडे नाही, ईएसआयकडे करायची. कामाच्या अपघातासाठी तिथे किती महिने वर्गणी भरली अशी अट नाही. बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात, आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना पेन्शन मिळते. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयचा नंबर आहे का, हे धडधाकट असतानाच पाहून ठेवा.

रक्कम कशी ठरते

ईएसआय नसलेल्याची रक्कम तीन गोष्टींवर ठरते : महिन्याची मजुरी, वय आणि इजा. गणित सोपे आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार दिलेल्या आकड्याने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरायचे. २०२० पासून या गणितासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते. सरकार ही मर्यादा बदलू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे.

समजा मजुरी रोज ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०,४०० रुपये. वय ३०. या वयाचा आकडा २०७.९८ आहे. ५,२०० गुणिले २०७.९८ म्हणजे १०,८१,४९६ रुपये. हाच माणूस कागदावर ४० वर्षांचा असेल तर आकडा १८४.१७ होतो आणि रक्कम ९,५७,६८४ वर येते. नुसत्या वयाच्या नोंदीने सव्वा लाखाच्या आसपास फरक पडला. आपल्याकडे कितीतरी आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजाने लिहिलेले असते. म्हणून आश्रमशाळेच्या आणि जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना माझी विनंती आहे. शाळा सोडल्याचा दाखला कोणी मागायला आले तर जुने रजिस्टर काढून तो जरूर द्या. तो कागद लाखाचा असू शकतो.

मजुरीचेही तसेच. ठेकेदाराने कागदावर ६,००० लिहिले असतील तर त्याच तिशीच्या माणसाचे ६,२३,९४० रुपयेच होतात. मजुरी खात्यावर येत असेल तर पासबुक, फोनवर येत असेल तर त्याचे मेसेज, आणि सोबतच्या मजुरांचे जबाब, यांवरून खरी मजुरी दाखवता येते.

माणूस वाचला पण एखादा अवयव गेला, तर त्याचे टक्के ठरलेले आहेत. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के. वरच्या उदाहरणातल्या तिशीच्या मजुराचे पूर्ण अपंगत्वाचे १२,९७,७९५ रुपये होतात, त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ८९ हजार. काही काळ घरी बसावे लागले तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. म्हणून प्रत्येक बिल आणि औषधाची चिठ्ठी ठेवायची.

कोऱ्या कागदावर अंगठा नको

बाराव्याच्या आत ठेकेदार येतो. हातात दहा-वीस हजार, सोबत स्टॅम्पपेपर. "क्रियाकर्माला घ्या, इथं अंगठा करा." त्या कागदावर लिहिलेले असते की आमची काही तक्रार नाही, सगळे पैसे मिळाले.

कायद्याने अशा कागदाला किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच बाद आहे. मृत्यूची भरपाई मालकाने कुटुंबाच्या हातात द्यायची नसते, ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. मग तो अधिकारी पत्नी, मुले, आई यांचे वाटे ठरवतो. हातात दिलेल्या पैशांपैकी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मजुरीइतके आगाऊ म्हणून धरता येते. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

पण कागद बाद असला तरी तो त्रास देतो. तो दाखवून वर्षे लांबवता येतात. मदत घ्या, पैसे किती मिळाले ते वहीत लिहा, अंगठा मात्र कोणी शिकलेल्या माणसाने कागद वाचून दाखवल्याशिवाय करू नका.

पहिल्या पंधरा दिवसांत

प्रवासाच्या अपघातात सगळे पुराव्यावर अवलंबून असते आणि पुरावा फार लवकर नाहीसा होतो. म्हणून क्रमाने सांगते.

१. दवाखान्यात नाव नोंदवतानाच "कामावरून घरी येताना" असे लिहायला सांगा, आणि कोणत्या कारखान्यातून किंवा साइटवरून तेही. पहिल्या कागदावरचे हे चार शब्द सगळ्यात मोलाचे.

२. पोलिसांत नोंद करा, मग अपघात गुजरातच्या हद्दीतला का असेना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. पंचनाम्याची आणि मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल मागून घ्या.

३. गेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते. ते जपून ठेवा असा अर्ज पोलिसांना आणि कारखान्याला लगेच द्या आणि पोच घ्या.

४. त्या दिवशी सोबत कोण होते त्यांची नावे आणि गावे लिहून ठेवा. हंगाम संपला की माणसे वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे जातात, मग शोधून सापडत नाहीत.

५. फोन जपा. मुकादमाचा "उद्या पहाटे ५ ला नाक्यावर या" असा मेसेज, त्या दिवशीचा कॉल, हजेरी कार्डाचा फोटो, टेम्पोचा नंबर, लोकलचा पास हे सगळे पुरावे आहेत. फोन फुटला असला तरी सिमकार्ड फेकू नका.

६. मालकाला लेखी कळवा. साध्या कागदावर चालते, नक्कल ठेवा.

७. नात्याचे कागद गोळा करा. वारली घरांत खर्च जमेपर्यंत लग्नविधी मागे पडतो आणि धवलेरीच्या हातून लग्न लागेपर्यंत पोरे शाळेत गेलेली असतात. न्यायालयात मग "ही बायकोच नाही" असे म्हटले जाते. रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे जन्मदाखले, ग्रामपंचायतीचा दाखला, गावातल्या जुन्या माणसांचे जबाब यांनी नाते दाखवावे लागते. ग्रामसेवकांनी आणि आशाताईंनी इथे मनापासून मदत करावी.

अर्ज कुठे, किती दिवसांत

अपघातापासून, मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. उशीर झाला आणि त्याला खरे कारण असेल तर अर्ज घेता येतो, पण त्यावर विसंबू नये. आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे अपघात वापीला झाला म्हणून वापीला खेटे घालावे लागत नाहीत. मजूर किंवा त्याचे कुटुंब जिथे राहते, त्या भागातही अर्ज करता येतो.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

दुसरे मार्गही पाहा

वाटेवरच्या अपघाताला कधी दोन-तीन कायदे लागू होतात. मोटारीने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे मुदत सहा महिन्यांची आहे. पण त्या कायद्याची आणि कामगार भरपाईची अशी दोन्हीकडची रक्कम घेता येत नाही, एक वाट निवडावी लागते. कोणत्या वाटेने जास्त मिळेल ते वकिलाला विचारूनच ठरवा, कारण एकदा निवडली की मागे फिरणे कठीण. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये आहेत.

लोकलमधून पडून अपघात झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षात अर्ज करायचा. मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला मात्र ही रक्कम मिळत नाही. त्याच्यासाठी कामावरून घरी येण्याचा मुद्दाच उरतो.

माल वाहणाऱ्या टेम्पोत माणसे बसवलेली असतील तर विमा कंपनी बहुधा अंग काढून घेते. तो टेम्पो मालकाने किंवा मुकादमाने मजूर आणायला-सोडायला लावलेला असेल, तर प्रवास कामाचाच भाग होता हे दाखवणे उलट सोपे जाते. म्हणून टेम्पो कोणाचा, भाडे कोण देत होते, हे नक्की लिहून ठेवा.

हा अंक वाचून झाला की कपाटात न ठेवता पाड्यावरच्या सभेत वाचून दाखवावा, ही विनंती. कोणाच्या घरी गेल्या दोन वर्षांत असा अपघात झाला असेल आणि "सुट्टी झाल्यावर आमचा संबंध नाही" या उत्तरावर ते गप्प बसले असतील, तर त्यांना जे असतील ते कागद घेऊन आमच्या केंद्रात पाठवा. कागद अपुरे असले तरी चालतील, उरलेले कसे मिळवायचे ते सोबत बसून पाहू.